काळ्या मातीची परीक्षा

नागपूरचा उन्हाळा साऱ्या महाराष्ट्रास ठाऊक आहे. नागपूरचा चिखल मात्र तो तुडविणाऱ्यासच ठाऊक. मे महिन्यात ज्या जमिनीला पाऊल अडकेल एवढ्या भेगा पडलेल्या असतात, तीच आमच्या पश्चिमेकडील काळी जमीन मृगाचा पाऊस होताच त्या भेगा मिटवून घेते, फुगते, आणि मग आपल्यावरून जाऊ पाहणाऱ्या माणसास, बैलास व गाडीच्या चाकास सारख्याच ममतेने धरून ठेवते. पन्नास वर्षे मी या शहरात राहिलो, परंतु शहाण्या माणसाप्रमाणे त्या मातीस डांबरी रस्त्यावरूनच नमस्कार करीत आलो. तिच्यात मुद्दाम उतरण्याचा योग उतारवयात आला, तो माझ्या नातीमुळे.

चिखलातून व अडथळ्यांवरून धावण्याच्या शर्यती हा प्रकार आमच्या पिढीस अगदीच अपरिचित होता असे नाही. शाळेच्या क्रीडामहोत्सवात पोत्यात पाय घालून उड्या मारणे, आडव्या शिडीतून सरपटत निघणे, ही अडथळ्यांची शर्यत आम्हीही धावलो होतो. परंतु त्या खेळाचे आता मोठेच प्रस्थ झाले आहे. १९८७ साली इंग्लंडमध्ये वुल्व्हरहॅम्प्टन शहराजवळ ‘टफ गाय’ नावाची अशी शर्यत सुरू झाली. २०१० साली अमेरिकेत ‘टफ मडर’ व ‘स्पार्टन रेस’ या दोन शर्यती निघाल्या. आणि आपल्या देशात २०१२ पासून ‘डेव्हिल्स सर्किट’ या नावाने निरनिराळ्या शहरांत असे सामने भरू लागले. सुमारे ५ किलोमीटरांची धाव, आणि वाटेत सैन्यातील शिक्षणाच्या धर्तीवर १५ अडथळे: भिंत ओलांडावयाची, दोरावर चढावयाचे, तारांच्या जाळ्याखालून चिखलात पोटावर सरकावयाचे, बर्फाच्या पाण्यात बुडी मारावयाची. पैसे भरून हा त्रास विकत घ्यावयाचा, याचे आम्हा वृद्धांस नवल वाटते. पण पैसे न भरता आम्ही तरुणपणी पचमढीच्या नागद्वारास भर श्रावणात जात होतो, ते काय निराळे होते? त्याविषयी पुढे सांगतो.

नात अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षात आहे. गेल्या वर्षी ती परगावी अशा एका शर्यतीत उतरली होती. निम्मे अंतर तिने उत्तम काटले. पुढे चिखलाच्या चरातून पाऊल उचलताना पाऊल वर आले आणि बूट मात्र खालीच राहिला. मागून लोंढा येत होता; बूट शोधण्यास सवड मिळाली नाही. तशीच एका पायात बूट व एका पायात मोजा, अशी ती पुढच्या लाकडी उतरणीवर चढली, घसरली, आणि डाव्या मनगटाचे हाड मोडून घेऊन घरी आली. सहा आठवडे हात गळ्यात होता. यंदा तिने पुन्हा नाव देण्याची गोष्ट काढताच सूनबाईंनी साफ नकार दिला. चिरंजीव नेहमीप्रमाणे दोन्ही बाजूंनी मान हलवीत राहिले. शेवटी प्रकरण माझ्यापुढे आले. मी विचारले, “बाळ, गेल्या वर्षी तू पडलीस ती कशाने?”

“बूट गेला म्हणून, आजोबा. दम संपला नव्हता माझा.”

“मग यंदा बूट जाणार नाही याची काय हमी?”

ती गप्प झाली. तेव्हा मी असा निवाडा दिला की, पायात काय घालावे व अंगात काय घालावे हे आपण दोघे मिळून आधी पडताळून पाहू. माझी खात्री पटली तर तुझ्या आईची समजूत मी घालीन. या निवाड्यात मी स्वतःलाच गोवून घेतले, हे माझ्या मागाहून ध्यानी आले.

पडताळणीचा आरंभ, जगाच्या रीतीप्रमाणे, बाजारापासून झाला. एका शनिवारी सायंकाळी आम्ही सीताबर्डीवर गेलो. दुकानदार मोठा आदबशीर होता. चिखल व पाऊस हे शब्द ऐकताच त्याने एक भारी किमतीचा जोड पुढे ठेवला आणि म्हणाला, “यात पाण्याचा थेंब शिरणार नाही.” जोड खरोखरच देखणा होता. आतून पाणी अडविणारा पातळ पडदा शिवलेला. मी विचारले, “पाणी गुडघाभर असले म्हणजे ते वरून, घोट्यापाशी शिरेल ना? शिरलेले पाणी मग बाहेर कोठून जाईल?” दुकानदार हसला. तो प्रश्न त्यास कोणी विचारला नसावा. पावसातून कचेरीत जाणाऱ्यास तो बूट उत्तम; चरात उतरणाऱ्यास मात्र ती पाण्याने भरलेली कासंडीच व्हावयाची. आम्ही काही न घेता परतलो आणि असे ठरविले की, काचेच्या कपाटापुढे उभे राहून हा प्रश्न सुटावयाचा नाही. तो मातीलाच विचारला पाहिजे.

नागपूरचे या बाबतीत एक भाग्य आहे. येथे दोन निरनिराळ्या भूमी एकमेकींस भेटतात. पश्चिमेकडून पसरत आलेला दख्खनचा काळा अग्निजन्य पाषाण या शहराच्या आसपास संपतो. सीताबर्डीची टेकडी त्याचीच. पूर्वेस व ईशान्येस त्याहून कितीतरी प्राचीन खडक उघडे पडतात. खडक बदलला की माती बदलते, आणि माती बदलली की चिखलही बदलतो. देशभरच्या मातीचे सर्वेक्षण करणारी, १९७६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय संस्था याच शहरात, अमरावती रस्त्यावर आहे. तिच्या फाटकावरून मी आयुष्यभर गेलो. परंतु मातीचे पहिले पाठ मला फेटरीच्या एका शेतकऱ्याने दिले.

सेमिनरी हिल्स ओलांडून काटोल रस्त्याने निघावे, गोरेवाड्याचे रान मागे टाकावे, म्हणजे थोड्याच वेळात फेटरी लागते. आषाढातला रविवार होता. रात्रभर पाऊस पडून सकाळी उघडले होते. ओळखीच्या त्या शेतकऱ्याच्या पडीक तुकड्यापाशी आम्ही गाडी उभी केली आणि पाच जोड काढून ठेवले: चिरंजिवांचे गमबूट, शाळेतील कवायतीचे कॅनव्हासचे बूट, नातीचे रस्त्यावर धावण्याचे जाड व मऊ तळाचे बूट, एका मैत्रिणीचे फुटबॉलचे खुंट्यांचे बूट, आणि दुसऱ्या मैत्रिणीकडून मागून आणलेले डोंगरवाटेवर धावण्याचे बूट. बरोबर भाजी तोलण्याचा स्प्रिंगकाटा होता. प्रत्येक जोड घालून नातीने धुऱ्यापासून बाभळीपर्यंत जावे व परत यावे, मग बूट तोलावा, असा बेत. शेतकरी आमचा हा संसार कौतुकाने पाहत उभा होता.

गमबूट दहाव्या पावलास जागीच उभे राहिले व नात मोज्यांनिशी बाहेर आली. सैल, आखूड गळ्याच्या प्रत्येक पादत्राणाची हीच गत होते. कॅनव्हासच्या बुटास तळाशी खाचा नाहीत. तो साबणावरून घसरावा तसा घसरला आणि त्याच्या कापडाने पोटभर पाणी पिऊन घेतले. रस्त्यावरच्या बुटाची तर दुर्दशा झाली. त्याच्या उथळ खाचा पहिल्या चार पावलांतच बुजल्या आणि तळाखाली चिखलाचे ताट जमले; काट्यावर त्याचे वजन मूळच्या दुपटीहून अधिक भरले. गेल्या वर्षी पायातून गेला तो याच जातीचा. फुटबॉलच्या खुंट्यांनी जमीन चांगली धरली, पण ओलसर ढेकळे खुंट्यांच्या मध्ये घट्ट बसली. डोंगरवाटेच्या बुटाचे दात मात्र उंच होते व एकमेकांपासून दूरदूर होते. त्यांत शिरलेला चिखल पुढचे पाऊल टाकताना आपण होऊन सुटून उडत होता. मौज अशी की, नात चालू लागली की तो बूटही भरे आणि धावू लागली की रिकामा होई. दात नुसते उंच असून भागत नाही. चिखलास बाहेर पडावयास त्यांच्या मधून वाट पाहिजे.

शेतकरी म्हणाला, “बाबूजी, हे काळी हाय. पाणी लय असलं त सोडते, आन् सुकत आली का धरते. आता हे धरनारच.” त्याच्या या एका वाक्यात शास्त्र भरले होते. काळ्या मातीतील अतिसूक्ष्म कण पाण्याने फुगतात व उन्हाने आकसतात. म्हणून उन्हाळ्यात भेगा आणि पावसाळ्यात फुगवटा. हे कण पाण्यात पुरते मिसळले म्हणजे त्यांची रबडी होते व ती पायावरून वाहून जाते. परंतु पाणी थोडेसे ओसरले की त्यांचा चिकटपणा कळसास पोचतो. शर्यतीत चरातील पातळ रेंदा दिसावयास भयंकर असतो, परंतु खरा शत्रू त्या चराच्या काठावरचा, शेकडो पायांनी मळलेला, अर्धवट सुकलेला चिखल असतो.

त्याने आणखी एक युक्ती दाखविली. रुतलेले पाऊल सरळ वर ओढू नये. तसे ओढले की तळाखाली पोकळी होते व माती ते खाली ओढते. पाऊल आधी डावीकडे उजवीकडे किंचित वळवावे, वारा आत शिरू द्यावा, मग टाच आधी उचलावी. नातीने दोनदा करून पाहिले आणि तिसऱ्यांदा तिचे पाऊल आवाज न करता बाहेर आले. “पर आमाले बूट कायले पायजे जी?” असे म्हणून तो अनवाणी पायांनी त्याच चिखलातून सहज निघून गेला. त्याचे पाय या मातीत जन्मभर घडलेले. शर्यतीच्या चिखलात खडी, लाकडाच्या कपच्या, एखादा खिळा, काय असेल याचा नेम नाही. तेव्हा त्याचे अनुकरण आमच्या नाजूक पायांनी करावयाचे नाही, एवढे आम्ही समजलो.

पायांचा प्रश्न असा अर्धा सुटला. अंगावरच्या कपड्यांचा प्रश्न घरी परतल्यावर उभा राहिला. नातीने त्या दिवशी सुती सदरा व सैल सुती विजार घातली होती. ती अंगणात उभी राहिली तेव्हा विजारीचे काठ टाचांखाली आले होते, सदरा गुडघ्यांकडे लोंबत होता, आणि खिशांत पाणी साठले होते. आम्ही नागपूरकर कापसाचे अभिमानी. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांनी येथे एम्प्रेस मिल सुरू केली, ती आमच्या याच कापसाच्या बळावर. ती गिरणी आता राहिली नाही, पण सुती कपड्याचा आमचा जिव्हाळा कायम आहे; आणि या हवेत मे महिन्यात सुताइतके सुखाचे वस्त्र नाही, हेही खरे. तथापि जी काळी माती कापूस पिकविते, तीच माती सुती वस्त्रातून धावणाऱ्यास सर्वांत अधिक शिक्षा करते. याचे कारण सोपे आहे. सामान्य हवेत सुती धागा आपल्या वजनाच्या सुमारे ८ टक्के ओल शोषून ठेवतो, नायलॉन सुमारे ४ टक्के, आणि पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. प्रत्यक्ष पाण्यात बुडाल्यावर तर सुती कापड चिंब होऊन लोंबते व लवकर वाळत नाही. थंडीच्या सकाळी बर्फाच्या पाण्यातून बाहेर आलेल्या मुलीच्या अंगावर असे वस्त्र राहिले तर ते तिच्या देहाची ऊब शोषीत राहते.

सुताचा दुसरा दोष मी स्वतः भोगलेला आहे. १९७८ साली आम्ही चौघे मित्र नागद्वारास गेलो होतो. नागपुरापासून पचमढी सुमारे अडीचशे किलोमीटर. नागपंचमीच्या सुमारास विदर्भातील हजारो यात्रेकरू सातपुड्यातील या स्थानी जातात. आता हा मुलूख व्याघ्रप्रकल्पात असून एरवी बंद असलेली ही वाट यात्रेपुरतीच खुली होते. पावसाची झड, ओढे, शेवाळलेले खडक, उभ्या चढावर लोखंडी शिड्या आणि हजारो पावलांनी झालेला राडा. शर्यतीचे अडथळे रचणाऱ्यांनी ही वाट पाहिली असती तर त्यांस नवे काही शोधावे लागले नसते. मी सुती पायजमा घालून निघालो होतो. दोन तासांत तो भिजून मांड्यांस चिकटला, आणि परतताना मांड्या अशा सोलून निघाल्या होत्या की, मी पाय फाकवून चालत होतो. माझ्यापुढे एक वृद्ध बाई नऊवारी लुगड्याचा घट्ट काष्टा मारून, पदर खोचून, माझ्या दुप्पट वेगाने शिडी चढून गेल्या. ते दृश्य मी विसरून गेलो होतो. रामटेकला गेल्यावर ते पुन्हा आठवले.

रामटेककडे आमच्या सौभाग्यवतींचे माहेर. दुसऱ्या परीक्षेसाठी आम्ही तिकडे जाण्याचे ठरविले, तेव्हा त्याही निघाल्या. वास्तविक घरात कपड्यांवरून थोडी कुरबुर सुरू झाली होती. नात म्हणत होती की, अंगासरशी बसणारी लांब विजार व तसाच सदरा हवा. मला तो वेष मनातून रुचत नव्हता. आमच्या वयाच्या माणसास काही गोष्टींची सवय नसते, आणि सवय नसलेल्या गोष्टीस आम्ही अयोग्य हे नाव देऊन मोकळे होतो. सौ. काही बोलल्या नव्हत्या.

शहराच्या ईशान्येस कन्हान नदी ओलांडली की हळूहळू कापूस मागे पडतो व भाताच्या बांध्या दिसू लागतात. रोवणीचे दिवस होते. गुडघाभर गाऱ्यात बायांची ओळ वाकून मागे मागे सरकत होती. पाठीवर प्लॅस्टिकच्या खोळी, लुगडी वर खोचलेली, कमरेस फडके आवळलेले. दिवसभर त्या चिखलात असूनही कोणाचा काठ पायात येत नव्हता. सौ.नी गाडी थांबवावयास सांगितली. मग नातीकडे वळून म्हणाल्या, “बघ. लोंबतं ते अडकतं, आणि अडकतं ते पाडतं. माझी आई काष्टा घट्ट मारून विहिरीत उतरायची. तुझी ती विजार म्हणजे शिवलेला काष्टाच आहे. आजोबांकडे नको बघूस.”

यावर मला बोलण्यास काही उरले नाही. आमच्या आज्या-पणज्यांनी नऊ वार कापड ज्या हुशारीने अंगाशी बांधून घेतले, तीच हुशारी त्या विजारीत होती. योग्यायोग्यतेचा माझा विचार असा एका बांधावर निकालात निघाला.

रामटेकच्या गडाखाली, मंदिराच्या आवाराबाहेर, पावसाने भिजलेल्या जुन्या दगडी पायऱ्यांवर आम्ही बुटांची शेवटची परीक्षा घेतली. शर्यतीत नुसता चिखल नसतो. चिखलाने माखलेल्या तळाने ओले लाकूड, ओला दगड व लोखंड यांवरही चढावयाचे असते. नात गेल्या वर्षी पडली ती लाकडावरच. मी खाली उभा राहून तिचा हात धरला होता. फुटबॉलच्या बुटाच्या कडक खुंट्या पहिल्याच पायरीवर करकरल्या आणि घसरल्या. डोंगरवाटेच्या बुटाचे दात मऊ रबराचे होते. ते दगडावर किंचित दबून टेकत होते. अंगठ्याने दाबून पाहिल्यास हा भेद दुकानातही कळतो. धातूच्या अणीचे बूट तर मुळीच नकोत. दोरावर किंवा भिंतीवर आपल्या खाली असलेल्या माणसास त्यांनी इजा होते, आणि पुष्कळ ठिकाणी त्यांस मनाईही असते.

पुढच्या आठवड्यात आम्ही पुन्हा सीताबर्डीवर गेलो, आणि या वेळी काय मागावयाचे हे आम्हांस ठाऊक होते. वरचे अंग पातळ जाळीदार, म्हणजे शिरलेले पाणी दहा पावलांत निथळून जावे. चामडे नको, जाड अस्तर नको. तळाचे दात उंच, विरळ व मऊ. टाच घट्ट बसावी, बोटांपुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा असावी. नाडीसाठी घोट्याजवळ जे शेवटचे भोक असते व जे बहुतेक लोक रिकामे ठेवतात, त्यातूनही नाडी ओवावी. टाच जागच्या जागी राहते ती त्यानेच. दुहेरी गाठ मारून उरलेली टोके नाडीखाली खोचून टाकावी. घेतलेला जोड फार महागही नव्हता. पहिल्या दुकानातील देखण्या जोडाच्या निम्म्याहून कमी किमतीत तो मिळाला.

नवा बूट मात्र शर्यतीच्या दिवशी प्रथम घालू नये. नातीने महिनाभर तो घालून सराव केला. दोनदा मुद्दाम भिजवून घातला, कारण कोरडा असता न लागणारी शिवण ओली झाली म्हणजे लागते. मोजे पातळ नायलॉनचे व पोटरीपर्यंत उंच घेतले. दोरावर चढताना दोर नडगीवर घासतो, तेथे ते उपयोगी पडतात. विजार घोट्यापर्यंत लांब, कारण तारांखालून सरपटताना गुडघे खडीवर घासतात. सदरा अंगासरशी, बिनखिशाचा, मागे टोपी किंवा लोंबती दोरी नसलेला. मांड्यांच्या आतल्या बाजूस, काखेत व टाचांस व्हॅसलीन. हातमोजे नेले, पण ते सरपटण्यापुरते. चिखलाने माखलेला मोजा लोखंडी दांड्यावर हातापेक्षा अधिक घसरतो. अंगठी, बांगडी, कानातले, गळ्यातले, सर्व घरी. वेणी घट्ट घालून वर बांधलेली. चष्मा असणाऱ्याने त्यास मागून पट्टा लावावा.

सूनबाईंची समजूत घालताना मी कपड्यांपेक्षा दुसऱ्याच गोष्टीवर भर दिला, कारण त्यांची खरी भीती तीच होती. चिखलात गुरांचे व उंदरांचे मूत्र मिसळलेले असू शकते, आणि खरचटलेल्या त्वचेतून लेप्टोस्पायरोसिससारखा ताप शरीरात शिरू शकतो. म्हणून धनुर्वाताची लस घेऊन किती वर्षे झाली हे आम्ही आधी डॉक्टरांस विचारले. उघडी जखम असताना उतरावयाचे नाही, चिखलाचे पाणी गिळावयाचे नाही, बाहेर येताच स्वच्छ पाण्याने व साबणाने अंग धुवावयाचे, आणि पुढील काही आठवड्यांत ताप आल्यास चिखलात उतरल्याचे डॉक्टरांस न विसरता सांगावयाचे, एवढे नातीने कबूल केले. बोटांच्या बेचक्यांत ओल राहिली म्हणजे चिखल्या होतात, हे तर आमच्या घरातील प्रत्येकास ठाऊक आहे. पिशवीत कोरडा कपड्यांचा संपूर्ण जोड, मोठा पंचा, जुन्या चपला आणि ओले कपडे भरण्यास जाड प्लॅस्टिकची थैली, एवढे सूनबाईंनी स्वतः भरले. पिशवी त्यांनी भरावयास घेतली तेव्हाच मी समजलो की, परवानगी मिळाली.

शर्यत हिवाळ्याच्या आरंभी झाली. मी गेलो नाही. तो प्रवास मला झेपला नसता. दुपारी बारा वाजेपर्यंत फोन आला नाही, तेव्हा सौ. देवापाशी व मी दाराशी अशा आमच्या येरझारा चालल्या होत्या. साडेबारास फोन वाजला.

“आजोबा, झाली शर्यत. नंबरबिंबर काही नाही, खूप मागे होते मी. लाकडी उतरणीपाशी थांबलेच जरा. भीती वाटली.”

“मग?”

“मग चढले. दोन्ही बूट पायात होते ना.”

दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा बूट थैलीतच होते. चिखल वाळू देऊ नये म्हणून सौ.नी ते लगेच थंड पाण्याखाली धरले. गरम पाण्याने तळाचा डिंक सुटतो, म्हणून ते टाळले. न्हाणीच्या मोरीत गाळ साठू नये यासाठी हे सारे अंगणातील जास्वंदीच्या आळ्यात चालले होते. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून बूट सावलीत उलटे ठेवले, आणि बोळे ओले झाले तसे दोनदा बदलले. धुतलेल्या पाण्याचा रंग तांबूस होता. सौ. म्हणाल्या, “ही काही आपल्याकडची माती नव्हे.” नात म्हणाली, “नव्हेच. ही सोपी होती, आजी.”

ज्या घरांत अशा शर्यतीस निघालेली मुले असतील, त्यांच्या वडीलधाऱ्यांस माझी एवढीच विनंती आहे की, नकार देण्यापूर्वी एकदा त्यांच्याबरोबर शेताच्या धुऱ्यापर्यंत जावे. घरातले जुने बूट व भाजीचा काटा बरोबर घ्यावा, आणि आपलेही धोतर किंवा विजार गुडघ्यापर्यंत वर खोचण्याची तयारी ठेवावी.